मेश्रामांची कॅसेट आणि अभ्यंकरांचा डेटाबेस

चार माणसं दर रविवारी एका खोलीत बसायला लागली आणि त्यातल्या दोघांचं एका गोष्टीवर कधीच पटलं नाही, तर किस्से जमवावे लागत नाहीत. धुण्याच्या कपड्यांसारखे ते आपोआप साठतात. आम्ही खरं तर जमवायला निघालो होतो टीव्हीवरच्या व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेट. कॅसेट जमल्या बेताच्याच. किस्से मात्र ठेवायला जागा नाही!

कॅसेट म्हणजे गेमच्या डब्यात वरून खोचायची ती प्लास्टिकची वडी. जगात तिला कार्ट्रिज म्हणतात. पुण्यात दुकानदाराकडे कार्ट्रिज मागितलं तर तो प्रिंटरची शाई काढून देतो. आमच्या लहानपणी, म्हणजे केबल टीव्ही नुकता घराघरांत आला तेव्हा, ती कॅसेटच होती. पुढे आम्ही सगळे नोकरीला लागलो, घरी ब्रॉडबँड आलं, हातात चांगले पैसे खेळायला लागले, तरी तिचं नाव तेच राहिलं.

आमच्यातले अभ्यंकर एका सॉफ्टवेअर कंपनीत क्वालिटीच्या विभागात. आठवडाभर लोकांच्या चुका काढायचा पगार घेतात आणि रविवारी तेच काम समाजसेवा म्हणून करतात. शिल्पा बँकेत. तिचं तोंड असं, की समोरचा आपली सही पुन्हा एकदा तपासून बघतो. मेश्राम मूळचे नागपूरचे, हडपसरला इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात इंजिनिअर. चौथा मी. माझं काम चहा पिणं आणि भांडण विझायला लागलं की थोडं तेल ओतणं.

जमायचं अभ्यंकरांच्या फ्लॅटवर, कारण डेटाबेस त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये. प्रत्येक कॅसेटचा फोटो, लेबल, आतला गेम, कोणी घेऊन दिली, सगळं त्यात. आमच्यात कॅसेट नुसती असून भागत नाही. तिची नोंद व्हावी लागते!

*

पहिल्या रविवारी अभ्यंकरांनी नियम जाहीर केला. "फक्त ओरिजिनल कॅसेटची नोंद होईल. डुप्लिकेट आणणाऱ्यांनी आपला आणि आमचा वेळ घालवू नये."

आम्ही पिशव्या भरभरून कॅसेट आणल्या होत्या. अभ्यंकर बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन एकेक उघडायला बसले. आत ओरिजिनल चिप असते तिथे सगळ्यांच्यात काळ्या डांबराचा एक ठिपका. शिल्पाच्या डुप्लिकेट, माझ्या डुप्लिकेट. शेवटी त्यांनी स्वतःच्या उघडल्या. त्याही डुप्लिकेट!

होणारच. आपल्याकडे ओरिजिनल विकायला कोणी आलंच नव्हतं. सगळा देश डांबराच्या ठिपक्यावर लहानाचा मोठा झाला. पण डेटाबेस तयार होता, रकाने आखलेले होते आणि आत एकही नोंद नव्हती.

"छान," शिल्पा म्हणाली. "आता निदान धूळ तरी बसणार नाही."

अभ्यंकरांनी डोळे मिटून थोडा विचार केला आणि नियम दुरुस्त केला. "ठीक आहे. डुप्लिकेट चालेल. पण फॅक्टरीत झालेली हवी. डुप्लिकेटलासुद्धा काही दर्जा असतो!"

*

इथे मेश्रामांचं घोडं अडलं. कारण मेश्राम कॅसेट घरी बनवायचे.

एखादी मेलेली कॅसेट घ्यायची, आतलं काढून टाकायचं, नव्या चिपमध्ये गेम भरायचा, स्वतः सोल्डरचा डाग द्यायचा, वर स्वतः काढलेलं लेबल चिकटवायचं. हात असा सफाईदार, की फॅक्टरीची कॅसेट त्यापुढे गबाळी दिसावी. चालायचीही पहिल्या झटक्यात. आमच्या बाकीच्या कॅसेट फुंकर मार, हलव, पुन्हा खोच, देवाचं नाव घे, अशा चालायच्या.

"अभ्यंकर साहेब, हिची नोंद काहून नाही होत?" मेश्राम विचारायचे.

"अहो मेश्राम, घरी केलेल्या गोष्टी डब्यात ठेवतात. डेटाबेसमध्ये नाही."

"पण ही बी कॉपी अन् ती बी कॉपी."

"ती कॉपी आहे. ही हौस आहे."

हा संवाद दर रविवारी. पोह्यांइतका ठरलेला.

*

मेश्राम ज्या जुन्या पद्धतीच्या चिप वापरायचे त्यांच्या पाठीवर काचेची एक लहानशी खिडकी असते. ती उन्हात धरून ठेवली की आतलं सगळं पुसलं जातं आणि चिप पुन्हा कोरी होते. त्यासाठी दिवा मिळतो, पण मेश्राम म्हणाले, ऊन असताना दिवा कशाला?

त्यांनी हडपसरच्या आपल्या घराच्या गॅलरीत चिप मांडल्या. पंधरवडा झाला तरी पुसल्या जाईनात. "तुमचं पुण्याचं ऊन म्हणजे नुसता उजेड," असं म्हणून त्यांनी त्या नागपूरला आईकडे पाठवून दिल्या. भर मे महिन्यात.

पुढच्या रविवारी आम्ही बसलेलो असताना त्यांचा फोन वाजला. आईचा आवाज इतका खणखणीत, की फोन कानाला लावायची गरजच नव्हती. "अरे, तुझ्या त्या चिपा मस्त वाळल्या. मुगवड्यांसंगंच घातल्या होत्या गच्चीवर. पाठवून देऊ का?"

आल्या त्या मुगवड्यांच्याच डब्यातून. सगळ्या कोऱ्या करकरीत! त्यांची कॅसेट झाली आणि मेश्रामांनी ती अभ्यंकरांपुढे ठेवली. अभ्यंकरांनी वास घेतला.

"हिची नोंद मी करू शकत नाही," ते म्हणाले. "ही वाळवणात धरा."

*

सरळ मार्गाने जमेना तेव्हा मेश्रामांनी शिल्पाला फितवलं. तिने एक कॅसेट आणून टेबलावर ठेवली आणि चेहरा अगदी बँकेतला करून सांगितलं, "जुन्या बाजारात मिळाली. फॅक्टरीची आहे."

मेश्राम खिडकीतून बाहेर बघत होते. कॅसेट बाहेरून पिवळट केलेली, कोपरे घासलेले, आत डांबराचा ठिपकासुद्धा टाकलेला! लेबलवर 'चौसष्ट इन वन'. अभ्यंकरांनी ती उलटसुलट पाहिली, उघडली, मान डोलावली आणि नोंद करायला घेतली. माझा चहा हातात तसाच राहिला.

मग त्यांनी ती लावली आणि गेम मोजायला सुरुवात केली. मोजून झाल्यावर शांतपणे टीव्ही बंद केला.

"मेश्राम, ही तुमची."

"कशावरून?" शिल्पा म्हणाली.

"लेबलवर चौसष्ट लिहिलंय आणि आत खरंच चौसष्ट गेम आहेत. फॅक्टरीत इतका प्रामाणिकपणा कुठे असतो!"

खरं होतं. आमच्या सगळ्यांच्या चौसष्टमध्ये सात गेम असायचे आणि तेच पुन्हा पुन्हा नावं बदलून यायचे. मेश्राम इतकं हसले, की पकडले गेल्याचं दुःख त्यांना झालंच नाही. पण जाताना कॅसेट पिशवीत टाकली तेव्हा ते हसत नव्हते, हे मी पाहिलं.

*

माझ्या कंपनीतला एक जण ऑनसाइटहून परत आला. त्याने माझ्यासाठी अमेरिकेतून कॅसेट आणली. ओरिजिनल! डब्यात, पुस्तिकेसकट.

त्या रविवारी अभ्यंकरांनी टेबलावर इस्त्रीचा रुमाल अंथरला. आम्ही गोल करून उभे. उघडली तर आत खरीखुरी चिप. अभ्यंकरांचा आवाज जड झाला. "आज आपल्या डेटाबेसचं सार्थक झालं," असं म्हणून त्यांनी ती उचलली आणि गेमच्या डब्यात खोचायला गेले.

जाईना. अमेरिकेतली कॅसेट रुंद असते आणि आपल्या डब्याची खाच अरुंद. चौघांनी आळीपाळीने करून पाहिलं. इतक्या वर्षांनी हाताला ओरिजिनल लागलं आणि ते आमच्याकडे बसत नव्हतं!

"मधे बसवायची जोडणी बनवून देऊ का?" मेश्रामांनी नम्रपणे विचारलं. "घरीच बनवतो मी."

अभ्यंकरांनी कॅसेट पुन्हा रुमालावर ठेवली. मग म्हणाले, "द्या बनवून. जोडणीची नोंद करायची नसते."

*

एकदा पावसामुळे अभ्यंकरांकडे बराच वेळ अडकलो. शिल्पाने मेश्रामांना विचारलं, "तुम्हाला एवढं काय हो त्या नोंदीचं? कॅसेट तुमची आहे, चालते आहे, खेळा की."

मेश्राम एरवी विनोदाने वेळ मारून नेतात. त्या दिवशी नेली नाही.

"नागपुरात आमच्या घराजवळ गेमचं दुकान होतं," ते म्हणाले. "पैसे द्यायचे अन् खेळायचं. आम्ही मागं उभे राहणारे. लाल जहाजाचा एक गेम होता. इतक्यांदा पाहिला की डोळे मिटून सांगीन कुठून काय येते. खेळलो एकदाही नाही. नोकरी लागली तवा शोधाशोध केली, तं दुकान गेलं होतं अन् कॅसेटही कुठंच भेटली नाही. म्हणून आठवून आठवून गेम लिहिला अन् बनवली. पहिली तीच."

मग मेश्राम कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "तुमच्या सगळ्यांच्या नोंदीत आहे, कोणी घेऊन दिली. बाबा, मामा, आत्या. माझी मला मीच घेऊन दिली. तेवढं लिहा म्हणून राहिलो मी. दुसरं काय?"

अभ्यंकरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. "पटतंय मला," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकला! "पण नियमात बसत नाही. तुमची घेतली तर उद्या कोणीही काहीही घरी करून आणेल, आणि मग ह्या डेटाबेसला अर्थ काय?"

मला त्या दिवशी त्यांचा मनापासून राग आला. तेल ओतायचंही सुचलं नाही. आम्ही पावसातच निघालो.

*

आणि आता ती गोष्ट, जी सांगितली की कोणी विश्वास ठेवत नाही.

शिल्पाने भाच्याच्या वाढदिवसाला हडपसरच्या बाजारातून एक नवी कॅसेट घेतली. भाच्याकडे मोबाइलवर गेम होते, त्याने ती ढुंकून पाहिली नाही. म्हणून रविवारी ती आमच्याकडे आली. अभ्यंकर खूश. मागे परदेशी लिपीतला मजकूर, लेबलवर डायनासोर, आत डायनासोर कुठेही नाही, आकडा भलताच फुगवलेला. निर्मळ फॅक्टरीचा माल!

नोंदीआधी गेम चालवून बघायचे असतात. ते काम माझ्याकडे. तीसेक गेम झाले असतील, पुढच्याला पडद्यावर एक लाल जहाज आलं. मेश्राम जागेवरून उठून टीव्हीजवळ आले. मी जहाज चालवलं आणि माझ्या नेहमीच्या वकुबाप्रमाणे लगेच मेलो.

गेम संपला की इंग्रजीत तसं लिहून येतं, आपल्याला पाठ असतं. इथे पडदा काळा झाला आणि मधोमध वेड्यावाकड्या ठिपक्यांच्या देवनागरीत अक्षरं उमटली.

'जेवायला चल रे.'

परदेशातल्या फॅक्टरीत मराठी कोणी लिहिलं?

"मी लिहिलं," मेश्राम म्हणाले. "दुकानाच्या दारातून आई अशीच हाक मारायची. माझ्यासाठी गेम तितच संपायचा. म्हणून माझ्या कॅसेटमध्ये शेवटी ते टाकलं. अन् मागच्या वर्षी तो गेम इंटरनेटवर एका फोरमवर ठेवला होता. फुकट. कोणाला खेळायचा तर खेळा म्हणून."

कोणी तरी, कुठल्या तरी देशात, तो उचलला होता. काय लिहिलंय ते न वाचता, जसाच्या तसा छापून हजारांनी कॅसेट काढल्या होत्या. त्यातली एक हडपसरच्या बाजारात आली होती, मेश्रामांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर!

शिल्पाला हसू आवरेना आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही येत होतं. मी पुन्हा पुन्हा मरून ते वाक्य आणत होतो. मेश्राम नुसते पडद्याकडे बघत उभे.

अभ्यंकर खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसले. "फॅक्टरीत झालेली डुप्लिकेट आहे," ते म्हणाले. "नियमात पूर्ण बसते. नोंद करतो." आणि टाइप करायला लागले. मध्येच थांबले. एक रकाना होता, 'कशावरून कॉपी केली', जो आमच्या एकाही नोंदीत आजवर भरलेला नव्हता.

"पूर्ण नाव सांगा, मेश्राम."

मेश्रामांनी सांगितलं. वडिलांच्या नावासकट, सावकाश. अभ्यंकरांनी ते एकेक अक्षर बघून लिहिलं.

"आता फोटो. मूळ कॅसेट शेजारी ठेवून काढावा लागेल. आणली आहे का?"

मेश्रामांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली. लाल जहाजाचं, हाताने रंगवलेलं लेबल. अभ्यंकरांनी घ्यायला हात पुढे केला. मेश्रामांनी कॅसेट मागे घेतली.

"काय झालं?"

"ओरिजिनल आहे ती, साहेब," मेश्राम म्हणाले. "हात धुऊन या."

अभ्यंकर उठले आणि मुकाट्याने बेसिनकडे गेले.