कळकलेला डोंगर

बाबा अमेरिकेत माझ्याकडे फ्रीमाँटला सहा महिन्यांसाठी आले आणि तिसऱ्याच आठवड्यात म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं कर." पुण्यात तांबटकाम करण्यात त्यांचा जन्म गेला. इथे ठोकायला काही नाही, भांडायला शेजारीही नाहीत. पण आई गेल्यावर त्या रिकाम्या घरात त्यांनी एकट्याने परत जायचं, हे मला पटेना. अलास्कात तांब्याची जुनी खाण असलेला एक डोंगर आहे, तेवढा बघा, मग तिकीट बदलते, असं मी कबूल करून बसले.

दोन विमानं, मग हाडं खिळखिळी करणारा खडीचा रस्ता. खाण केव्हाच बंद पडली आहे. खनिज कुटायची लाल, उंच लाकडी इमारत तेवढी उतारावर उभी आहे. गाइडबाईंच्या मागोमाग चढून बाबांना, मला आणि माझ्या लेकीला धाप लागली, तेव्हा मी मोठ्या ऐटीत तांब्याची नवी बाटली काढली. बाबांनी एक घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"काय भरलंयस यात?"

"लिंबू सरबत."

"तांबटाची पोर ना तू? तांब्यात लिंबू? कळकलं की सगळं!"

"आजोबा, व्हॉट्स कळकलं?" माझ्या लेकीने विचारलं.

आंबट लागलं की तांबं हिरवं पडतं आणि आतला जिन्नस बिघडतो, हे तिला सांगता सांगता बाबांची नजर वर गेली. कड्यावर हिरवे ओघळ होते.

"अगं, हा अख्खा डोंगरच कळकलाय! कल्हई करायला हवी याला." आणि स्वतःच्याच विनोदावर ते खो खो हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. मला रडूच फुटलं. घाईघाईने गॉगल लावला.

लेकीने तो विनोद गाइडबाईंना इंग्रजीत समजावला. त्याही हसल्या आणि त्यांनी खाणीतल्या कच्च्या तांब्याचा एक ओबडधोबड गोळा बाबांच्या हातात ठेवला. बाबांनी तो बोटाने वाजवला, कानाशी धरला.

"पन्नास वर्षं बडवलं तुला," ते त्या गोळ्याला म्हणाले, "माहेर आज बघितलं तुझं."

परतीच्या बसमध्ये, शब्द दिला होता म्हणून, मी फोन काढला. "बाबा, तिकीट प्रीपोन करू ना?"

बाबा बाटलीचं झाकण उघडून आत डोकावत होते. "राहू दे. नाहीतरी आता तुझं माहेर म्हणजे मीच. राहीन सहा महिने इथेच. ते सोड, घरी चिंच आहे का? ही घासायला हवी."

चिंच नव्हती. मी "आहे, भरपूर आहे" म्हणाले.