उशाखालची पुंगळी

बंदुकीचा परवाना माझ्या नावावर आहे म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघतात. मागे कुणी नसतो. नवरा गेल्यापासून धामापूरची काजूची बाग आणि खालची भाताची खाचरं मीच राखते, आणि रानडुकरं काही बाईमाणूस बघून मागे फिरत नाहीत. त्यांना मारायला वेगळी परवानगी लागते, त्या भानगडीत मी पडत नाही. हवेत एक बार काढला की कळप रान गाठतो. नेम माझा चांगला आहे, पण तो दाखवायची वेळ येत नाही.

लेकीच्या बाळंतपणाला मस्कतला निघाले तेव्हाही सगळं रीतसर केलं. घर बंद राहणार म्हणून बंदूक आणि काडतुसं पोलीस ठाण्यात जमा केली. डिंकाचे लाडू केले, कुळथाचं पीठ दळून आणलं. आणि आळिवाच्या डब्यात मधोमध एक रिकामी पुंगळी खुपसली. पुंगळी म्हणजे उडालेल्या काडतुसाचं कवच. वर लाल नळी, बुडाला पितळ, आत काही नाही.

आमच्या भागात बाळंतिणीच्या उशाखाली कोयता ठेवतात, वाईटसाईट जवळ येऊ नये म्हणून. आमच्या घरात बंदूक आली आणि कोयत्याची जागा पुंगळीने घेतली. माझ्या बाळंतपणात सासऱ्यांनी स्वतः आणून ठेवली होती. ही पुंगळी मात्र नवऱ्याने काढलेल्या शेवटच्या बाराची. ती देव्हाऱ्यात असते, आणि दसऱ्याला बंदुकीबरोबर तिच्यावरही झेंडूचं फूल चढतं.

लेक इंजिनिअर आहे, असल्या गोष्टींना हसणारी. पण मागच्या खेपेला तिचं बाळ पोटातच गेलं. या वेळी दिवस भरत आले तसा तिचा आवाज बारीक होत गेला, आणि एकदा फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आये, येताना बाबांची पुंगळी घेवन ये गो." बाळ हातात येईपर्यंत तिला धीर देणारी तेवढी एकच वस्तू होती आणि ती नेणं माझ्याकडे होतं.

मोठी बॅग विमानाच्या पोटात जाणार, तेव्हा तिच्यात पुंगळी ठेवायला हरकत कसली, असा माझा हिशेब. दारू उडाली की राहते ती नुसती डबी. गावात अशा डबीत कुणी सुया ठेवतो, कुणी चुना.

गोव्याच्या विमानतळावर माझं नाव पुकारलं गेलं. आतल्या खोलीत माझी बॅग उघडी, आणि टेबलावर आळीव सांडलेले. तिथला अधिकारी उत्तरेकडचा, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा. त्याने हिंदीत विचारलं की हे काय. मी सांगितलं की बाळंतिणीच्या उशाखाली ठेवायचं आहे. त्याने तेच पुन्हा विचारलं. माझं हिंदी कच्चं आहे असं आधी मला वाटलं, पण शब्द त्याला कळले होते, उशाखाली काडतूस कशाला ते कळत नव्हतं.

खोलीतल्या बाकावर कोल्हापूरचे एक गृहस्थ बसले होते, पायाशी कुलूपबंद लांब पेटी. फोंडाघाट उतरून पहाटेच आलेले. आफ्रिकेत शिकारीला निघाले होते. तिथे परवाना काढून शिकार करता येते म्हणे. पेटीत रायफल, काडतुसं वेगळी बांधलेली, विमान कंपनीला आधी कळवलेलं, इकडची परवानगी, तिकडची परवानगी, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. आणि ऐनवेळी कळलं होतं की मस्कतहून पुढे नेणारी कंपनी बंदूक घेतच नाही. त्यांनी मला विचारलं, तुम्ही काय मारता? म्हटलं, मी मारत नाही, राखण करते.

विमान कंपनीच्या मुलीने मला समजावलं की काडतूस भरलेलं असो की रिकामं, आधी लेखी परवानगी घ्यावीच लागते. मी तिच्याशी वाद घातला. खूप घातला. मी म्हटलं, यात भरायला तुमच्याकडे दारू आहे का? ती बिचारी हसलीही नाही. अधिकाऱ्याने आमच्या ठाण्यात फोन लावला. बंदूक जमा आहे, बाई ओळखीची आहे, असं तिकडून सांगितलं म्हणून गुन्हा दाखल व्हायचा टळला. मग तो शांतपणे म्हणाला की पुंगळी इथे ठेवा आणि जा, नाहीतर वाद घालत बसा, विमान तुमच्यासाठी थांबणार नाही.

कोल्हापूरचे गृहस्थ उठले. पेटी उचलून म्हणाले, "बंदुकीशिवाय तिकडे जाऊन काय करू? मी परत जातो."

त्यांचं बरोबर होतं. ते बंदुकीसाठीच निघाले होते. मी लेकीसाठी निघाले होते. नवऱ्याची पुंगळी मी त्या टेबलावर ठेवली, सही केली, आळीव गोळा केले आणि चालू लागले. मागे वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर रडले असते, आणि त्या अधिकाऱ्यापुढे मला रडायचं नव्हतं.

मस्कतला उतरल्या उतरल्या लेकीला खरं ते सांगून टाकलं. ती म्हणाली, "पुंगळी रवली तर रवली गो आये. तू इलंस मां." मी आले हे पुरे असं म्हणाली खरी, पण बोलताना तिचा हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला. ती घाबरली आहे हे मला कळत होतं. मीही घाबरले होते.

बाळ झालं ते भर दुपारी. मुलगी. आवाज असा की आमच्या बागेतली डुकरं पळावीत. सगळं आवरल्यावर नर्स निघून गेली, बाळ पाळण्यात झोपलं, लेकीचेही डोळे मिटले. मी खुर्ची तिच्या खाटेला लावली आणि उजवा हात, चाप ओढणारा, तिच्या उशाखाली सरकवला. बोटांना कापडाशिवाय काही लागलं नाही.

लेकीने डोळे उघडले नाहीत. हाताला जागा व्हावी म्हणून तिने डोकं जरासं उचललं आणि पुन्हा टेकलं.