माळकऱ्याच्या पोटात दारू

माझा थोरला भाऊ माळकरी आहे आणि मारायला त्याचा हात फार मोकळा. जानेफळच्या नाल्यात हातभट्टी लागली की हा कुऱ्हाड घेऊन एकटा जायचा, मडकी फोडायचा आणि पिणाऱ्यांची डोकी पाण्यात बुडवून त्यांना शुद्धीवर आणायचा. जावयानं लग्नाच्या दिवशी घोटभर घेतली, एवढ्यावरून त्याला भर मांडवात अशी थोबाडीत दिली की मुंडावळ्या आचाऱ्याच्या कढईत पडल्या. कढई मी सांगताना जरा जवळ आणली असेल, पण थोबाडीत खरी.

अशा माणसाच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. मुतखडा समजून तपासायला गेलो, तर स्कॅनमध्ये जठराच्या मागे चिकट पाण्यानं भरलेली पिशवी दिसली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी समजावलं, हा आज कॅन्सर नाही. पण याच जातीच्या गाठींचा पुढे होतो, आणि तिथला कॅन्सर फार थोड्यांना सोडतो. पोट फाडून तो भाग कापणं हा सरळ उपाय, पण दादाच्या अधू हृदयाला एवढं मोठं ऑपरेशन झेपणार नव्हतं. म्हणून दुसरा. तोंडातून दुर्बीण जठरात उतरवायची, तिथून भिंत टोचून सुई गाठीत घालायची, आतलं पाणी ओढून काढायचं आणि त्या जागी अल्कोहोल भरायचं. अस्तर जळून मेलं की तेही ओढून घ्यायचं.

"अल्कोहोल म्हंजे?" दादानं विचारलं.

डॉक्टर तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणालो, "दारूच, दादा. पण हातभट्टीहून कडक."

माझ्या जिभेला हाड नाही. दादा उठला, चपला घातल्या आणि थेट बसस्टँडवर गेला.

घरी कुणी कितीही सांगितलं तरी ऐकेना. "मरीन, पण पोटात दारू जाऊ देनार नाई. महाराजांच्या हातची माळ हाये गळ्यात."

"मंग काढून ठेव."

"आपल्या हातानं माळ काढते तो मानूस असते का बे?"

वहिनी रडत नव्हती. ती भांडी आपटत होती, आणि ताटांना पोचे पडत होते.

शेवटी एका सकाळी गोठ्यासमोर मी म्हणालो, "तुले मरायची हौस हाये, पण वहिनीनं काय केलं?" पहिली काठी माझ्या खांद्यावर बसली. दुसरी मी चुकवली, ती खांबावर फुटली. जन्मात मी त्याच्यावर हात उचलला नव्हता. त्या दिवशी उचलला, आणि काय सांगू, फार बरं वाटलं. त्याच्या पोटात डोकं घालायला धावलो, तर अर्ध्या वाटेत आठवलं, पोट नको. मग गळा धरला. आम्ही दोघं शेणात पडलो. त्यानं माझं डोकं गव्हाणीवर आपटलं, मी त्याच्या मनगटाचा चावा घेतला. तोंडात रक्ताची चव आली, कुणाच्या ते कळेना. तेवढ्यात माझ्या मुठीत काहीतरी तटकन तुटलं.

तुळशीचे मणी कडब्यात विखुरले. दादा माझ्या छातीवर बसला होता, तसाच थिजला. आता हा माझा जीव घेतो, असं मला वाटलं.

वहिनी आली. तिनं मणी वेचून पदराला बांधले आणि म्हणाली, "आता गळ्यात माळ नाई. महाराज नवी घालतीन तव्हा घालतीन, तोवर तुम्ही साधे मानूस. आंघोळ करा, गाडी सांगते."

"पन हे यानं तोडली."

"मंग पाप याचं. चालते ना भाऊजी?"

"चालते," मी दादाच्या खालून म्हणालो.

त्या सुईचं चित्रण डॉक्टरांनी मला नंतर दाखवलं. काळ्या गाठीत पांढरी सुई घुसली, गाठ आक्रसली, परत फुगली आणि आतल्या आत जळू लागली. गावच्या नाटकांत मी पुष्कळ खून पाडले आहेत, पण इतका सुबक एकही नाही. दादा शुद्धीवर येताच म्हणाला, "मेली का?"

काही महिन्यांनी स्कॅन झाला. निम्मी मेली होती. सुई आणखी एकदा लागणार होती. आणि दादाच्या गळ्यात तोवर नवी माळ आली होती.

ठरल्या दिवशी सकाळी तो गावाहून मेहकरला माझ्या दारात उभा. सदऱ्याचं वरचं बटण उघडं.

"चाल, बाहीर ये."

"काऊन?"

"काऊन म्हन्ते. तोड ना बे."

मी हलकेच माळेला हात घातला. त्यानं तो झटकला. "अशी नाई. हे तं मीच काढून देल्यासारखं झालं." आणि माझ्या कानाखाली जाळ काढला.

पुढचं आमच्या सगळ्या गल्लीनं पाहिलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा माझा एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला आणि दादाच्या सदऱ्याला बाही नव्हती, गळ्यात माळ नव्हती. सिस्टरनं दोघांकडे पाहिलं. "पेशंट कोण?"

"मी," दादा म्हणाला. "पन याचं पयले पाहा. माह्याच हातचं हाये."

माझ्या ओठाला टाके पडत होते, तेव्हा आत त्याच्या गाठीत सुई गेली. पुढच्या स्कॅनमध्ये त्या जागी नुसता सुरकुतलेला डाग दिसला. डॉक्टर खूश होते. दर वर्षी यावं लागेल, म्हणाले. दादानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"नुसतं तपासायलाच ना?" मी घाईघाईनं विचारलं.