मामीच्या वस्तीचं बीपी

आमच्या मामीला आरोग्य खात्याने पाहणीच्या कामावर घेतलं ते तिचं तोंड बघून. तिच्यासमोर कोणाचंही दार फार वेळ बंद राहत नसे. घरोघर जायचं, मीठ किती खाता, झोप किती होते, तंबाखू कोण खातं ते विचारायचं आणि दंडाला पट्टा बांधून बीपी घ्यायचं. तपासणीचं नवं केंद्र कुठल्या वस्तीत काढायचं, ते खातं यावरूनच ठरवणार होतं. मामीला ते आपल्या बेकरीगल्लीतच हवं होतं. मामा तिथल्या भट्टीवर रात्रभर पाव भाजायचा, सकाळी लाल डोळ्यांनी घरी यायचा आणि डोकं ठणकतंय म्हणत उशीत तोंड खुपसायचा. दवाखान्याचं नाव काढलं की लगेच घोरायला लागायचा.

पण मामीचे आकडे बघून खात्याच्या डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. अख्ख्या गल्लीचं बीपी चढलेलं. कॉलेजातल्या पोरींचं, रोज पोहणाऱ्या मास्तरांचंसुद्धा. मशीन तपासलं तर ते ठणठणीत. मग बाई स्वतःच मामीबरोबर निघाल्या.

पहिल्याच घरात उलगडा झाला. मामीने शिंपीणकाकूच्या दंडाला पट्टा बांधला आणि तिच्या धाकट्या जावेचा विषय काढला. काकू तावातावाने बोलायला लागली, मध्येच खदखदून हसली, आणि इकडे आकडा वर सरकत राहिला.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "मामी, बोलताना बीपी चढतं. हे आकडे मला धरता येणार नाहीत."

"म्हणजे केंद्र गेलं?"

"अजून नाही. महिनाअखेरपर्यंत पुन्हा घ्या. पण तोंड मिटून."

मामी तोंड मिटून फिरली, तशी लोकांची पाचावर धारण बसली. शिंपीणकाकूला वाटलं, आपलं काही खरं नाही. तिने लेकीला बोलावून घ्यायचा निरोप धाडला. आकडा आधीपेक्षा वर. बडबडी मामी परवडली, पण गप्प मामी नको, असं झालं.

शेवटी मामीने आपली रीत बसवली. आधी पोटभर बोलायचं, जावा-नणंदांचा निकाल लावायचा, मग सांगायचं, "आता पाच मिनिटं दोघींनी गप्प. जी आधी बोलेल ती हरली." पट्टा त्यानंतर, आणि तोही मुकाट्याने. पोरी उतरल्या, मास्तर उतरले, काकू तर थाटात उतरली. उतरले नाहीत ते भट्टीवाले. त्यात मामाचा आकडा सगळ्यांच्या डोक्यावर.

भट्टीवाल्यांसाठी खात्याचा बेत आधी चौकात 'मीठ कमी खा' असा नुसता फलक लावायचा होता. पण रात्रपाळीवाला दिवसा झोपतो, फलक वाचत बसत नाही. तेव्हा केंद्र बेकरीगल्लीत, तेही भट्टीला लागूनच, आणि सकाळी पाळी सुटताना उघडायचं ठरलं.

अडलं ते जागेपाशी. बेकरीमालक म्हणाला, भट्टीशेजारच्या खोलीत मैद्याची पोती आहेत, ती काय डोक्यावर ठेवू? मामीने त्याच्यासमोर स्टूल ओढलं, पदर खोचला आणि त्याच्या आजोबांपासून सुरुवात केली. दुपारच्या आत पोती हलली.

केंद्र उघडलं त्या सकाळी रांगेत पहिला मामा होता. घराची वाट अडवून मामी उभी होती, जाणार कुठे?