मुरुमच्या मोटारीची चिठ्ठी

मुरुमच्या अप्पांची मोटार माझ्या शेडसमोर आली ती बैलांच्या मागं. पुढं बैलजोडी, मध्ये सोल म्हणजे जाड दोर, मागं मोटार. स्टिअरिंगवर ड्रायव्हर हुसेनभाई. मागच्या सीटवर स्वतः अप्पा, म्हणजे गुरलिंगप्पा, कपाळाला विभूती, डोक्याला रुमाल आणि तोंडावर संताप. मुरुम ते उमरगा, सगळ्या रस्त्यानं लोक हसले असणार.

"मिस्त्री," खाली उतरायच्या आधीच अप्पा म्हणाले, "ह्या माणसानं माझी मोटार खाल्ली."

हुसेनभाई खाली उतरले, बैल सोडवले आणि बाजूला उभे राहिले. पन्नाशीचा माणूस, अप्पांकडं मोटार आली त्या दिवसापासून त्यांचा ड्रायव्हर.

"काय होतंय गाडीला?" मी विचारलं.

"काय व्हायचं राहिलंय? हँडल मारून मारून हात मोडायची वेळ आली. चालू झाली तर चढ चढत न्हाय. निळा धूर. काल तर जागची हलली न्हाय. मला ठावं हाय काय झालंय. पेट्रोल इकतोय आन् रॉकेल घालतोय."

लढाईचा काळ. आमच्याकडं निजामाचं राज्य. पेट्रोल कुपनावर मिळायचं, तेही मोजकं. त्यामुळं कुपनाचं पेट्रोल चोरून विकणं आणि टाकीत रॉकेल मिसळणं हा त्या वेळचा चालू धंदा होता. पकडला गेला तर अमीनसाहेब, म्हणजे आमचे फौजदार, सरळ आत टाकायचे. नोकरी तर जायचीच.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. सोलापूरच्या एका गॅरेजात सात वर्षं हात काळे करून आलो होतो आणि आवाजावरून इंजिनाचा रोग सांगतो अशी माझी ख्याती होती. ख्याती मीच पसरवली होती.

त्या मोटारीचं इंजिन साधं. चार सिलिंडर, म्हणजे चार नळ्या. प्रत्येक नळीत एक पिस्टन, वर-खाली पळणारा. पिस्टनला खाचा आणि खाचांत लोखंडी कड्या. त्या रिंगा. रिंगा नळीला नीट टेकल्या तरच आतली पेट्रोलची वाफ दाबली जाते, आणि दाबली गेली तरच ठिणगी पडल्यावर जोर निघतो. ह्या दाबाला कॉम्प्रेशन म्हणायचं. वाफ आत घ्यायला एक व्हॉल्व्ह, धूर बाहेर सोडायला एक. पाण्याला पंप नाही. गरम पाणी आपोआप वर चढणार, गार खाली येणार. तेल तळाच्या पॅनमध्ये, आणि फिरते दांडे त्यात बुडी मारून ते सगळीकडं उडवणार. बस, एवढंच. रोगही ठरलेले. उन्हाळ्यात रेडिएटर उकळतो, हेडचं गॅस्केट फुटतं, ठिणगी पाडणारे पॉइंट जळतात, व्हॉल्व्ह जळतात. दहातल्या नऊ गाड्यांना यातलंच काहीतरी असतं. म्हणून मिस्त्रीला वाटायला लागतं की आपल्याला सगळं कळतं.

मी एक प्लग काढला. काळाकुट्ट. नाकाला लावला. रॉकेलचा भपकारा आला.

"रॉकेलच आहे," मी बोलून गेलो.

"बघा! म्या काय म्हणलो?" अप्पांनी हुसेनभाईंकडं बोट केलं. "आता काय म्हणतोस?"

"प्लग म्या रॉकेलानं धुतलेत, मालक," हुसेनभाई म्हणाले. "सकाळी. चालू हुईना म्हणून. पेट्रोलात एक थेंब घातला न्हाय. अल्लाकसम."

प्लग रॉकेलानं तर मीही रोज धुवायचो. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आपण एकदा बोललो की ते खरंच असतं, असा तो काळ होता. माझा, म्हणजे.

"लिहून द्या मिस्त्री," अप्पा म्हणाले. "कचेरीत दावतो. दुपारी अमीनसाहेब बसतेत."

मी लिहून दिलं. 'मुरुमच्या गाडीच्या इंजिनात रॉकेल वापरल्याचं आढळलं.' खाली सही आणि शेडचा शिक्का. शिक्का नवीन होता, मारायची हौस होती. अप्पांनी चिठ्ठी शेडसमोरच्या बाजारात चार जणांना दाखवली, रुमालाच्या टोकाला बांधली आणि गावात पाहुण्याकडं जेवायला गेले. हुसेनभाई शेडबाहेर लिंबाखाली बसले. पळून जातील असं अप्पांना वाटलं नसावं. मलाही वाटलं नाही. तेव्हाच काय ते समजायला पाहिजे होतं.

मग मी कामाला लागलो. हँडल हळूहळू फिरवलं. चांगल्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला हाताला अडकाव लागतो, चार वेळा. इथं चारही ठिकाणी हात पोकळ गेला. रॉकेलानं रिंगा झिजतात, हे खरं. पण चारही सिलिंडर एकदम, सारख्याच मापानं? पॉइंट बघितले, ठीक. गॅस्केट शाबूत. टाकीतलं पेट्रोल तळहातावर घेतलं, फुंकर मारली. उडून गेलं. रॉकेल असतं तर तेलकट राहिलं असतं.

आणि माझी चिठ्ठी अप्पांच्या रुमालात.

बाजूचं झाकण काढलं. आत व्हॉल्व्हच्या दांड्या दिसतात. त्यांनी आपल्या भोकात सुळसुळ वर-खाली व्हायला पाहिजे. दोन दांड्या अर्ध्यात अडकलेल्या. बोटानं दाबल्या, हलेनात. पक्कडीनं एक ओढून काढली. दांडीवर तपकिरी, चकचकीत लेप. नखानं खरवडला तरी निघेना. तळाचा पॅन सोडला तर तेल ओघळेचना. काकवीसारखं लोंबलं. रिंगा बघितल्या, त्या खाचांत डकवल्यासारख्या बसलेल्या. इतक्या वर्षांत असलं इंजिन मी पाहिलं नव्हतं.

तो व्हॉल्व्ह हातात घेऊन मी तसाच, काळ्या हातांनी, पाहुण्याच्या घरी गेलो. अप्पा पान लावत बसले होते. निघायच्या बेतात.

"अप्पा, कचेरीत जाऊ नका. हे बघा आधी."

त्यांनी व्हॉल्व्ह हातात घेतला. अंगठा फिरवला. नाकाशी नेला. आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे तर रोगण हाय," ते म्हणाले.

"कसलं रोगण?"

"मोटेचं रोगण. करडईचं तेल कढवून कढवून करतेत. इहिरीवरच्या मोटेच्या चामड्याला लावायचं. एकदा बसलं की पाणी झिरपत न्हाय. तेल आमच्याच घाण्यावरनं नेतेत की सगळे." 

अप्पांचा घरचा लाकडी घाणा होता. पंचक्रोशीत त्यांच्या करडईच्या तेलाचं नाव.

"अप्पा, इंजिनात तेल कोणतं घालता?"

"तुमीच सांगितलेलं."

"मी?"

"उन्हाळ्यात आलतो तवा तुमीच म्हणला न्हवं, इंजिनाचं तेल मिळंना तर घाण्याचं घाला म्हणून?"

"अहो, मी एरंडेल म्हणालो होतो! तेही अडचणीपुरतं."

"एरंडेल ते काय, आन् करडई ते काय? तेल ते तेल. एरंडेल जुलाबाला. आमची करडई खायची! दर अवसेला घाण्याची पूजा करतो. पहिलं तेल देवाच्या दिव्याला, दुसरं मोटारीला. चांगलं म्हणूनच घातलं की वो."

मी कपाळाला हात लावला. एरंडेल उष्णता सोसतं. करडईचं तेल तापलं की आळतं, आणि वर हवा लागली की सुकून लाख होतं. सबंध मुलखाला हे माहीत. ज्याच्या घाण्यावरून रोगणाला तेल जायचं, त्याला तर सगळ्यांच्या आधी माहीत. पण इंजिन म्हणजे चुलीवरची कढई, हे अप्पांच्या ध्यानात आलं नाही. आणि एरंडेलही चार दिवसांत काढून टाकायचं असतं, हे सांगायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही.

अप्पांना घेऊन शेडवर परत आलो. हुसेनभाई तिथंच बसलेले.

"हुसेनभाई, इंजिनात करडईचं तेल चाललंय, हे मला सकाळी का नाही सांगितलं?"

"तुमीच सांगितलं म्हणून मालक म्हणले. तुमाला तुमचंच काय सांगू?" ते उठलेही नाहीत. "आन् तुमी इचारलं कुठं? प्लगाचा वास घेतला. माझ्याशी एक शबुद बोलला न्हाय."

लाज वाटली. आजही वाटते. चारही सिलिंडर तपासले, पॉइंट तपासले, टाकी तपासली. जो माणूस ती गाडी रोज चालवत होता त्याला काही विचारलं नाही.

अप्पांनी रुमालाची गाठ सोडून चिठ्ठी काढली आणि फाडली. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. "चला, झालं गेलं," म्हणाले. "हुसेन, च्या पी."

"च्या नको, मालक." हुसेनभाई आता उठले. माझ्यासमोर आले. "मिस्त्री, आता दुसरी लिवा."

"कसली?"

"रॉकेल न्हवतं म्हणून. पहिली बाजारात चार जणांनी बघितली. फाडलेली कोण बघणार?"

मी लिहिलं. 'मुरुमच्या गाडीच्या इंजिनात रॉकेल नव्हतं. पेट्रोल चोख होतं. बिघाड करडईच्या तेलानं झाला. आधीची चिठ्ठी माझी चूक.' शेवटचं वाक्य त्यांनी अप्पांकडून दोनदा वाचून घेतलं. मग शिक्का मारायला लावला. ह्या वेळी हौस नव्हती.

इंजिन दुरुस्त करायला आठ दिवस लागले. गंमत अशी की शेवटी रॉकेलच कामाला आलं. रिंगा आणि व्हॉल्व्ह रॉकेलात भिजत घातले, लाकडाच्या चिपाटीनं खरवडले, पुन्हा भिजत घातले. सोलापूरहून इंजिनाचं तेल मागवलं, ते हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर दोन दिवस अडकलं. मग गाडी पहिल्या हँडलला उठली. हुसेनभाईच घेऊन गेले.

त्या दिवसापासून शेडमध्ये एक नियम केला. गाडी आली की बॉनेट नंतर, आधी ड्रायव्हर. कधीपासून बिघडली, काय घातलं, कुणी सांगितलं. निम्मे रोग तिथंच कळतात. आणि इंजिन उघडल्याशिवाय शिक्का बाहेर काढायचा नाही.

पोलिस ॲक्शन झाली, निजाम गेला. त्यानंतर एकदा कळंबच्या स्टँडवर हुसेनभाई भेटले. आता ते बसवर होते, खाकी कोटात. हात धरून चहाला घेऊन गेले. बोलता बोलता मला दाखवायला लायसन काढलं, तर कव्हरातून एक पिवळी पडलेली घडी खाली पडली. मी उचलली. माझाच शिक्का.

"अहो, अजून ठेवलीय? आता कोण विचारतंय?"

त्यांनी माझ्या हातातून घडी घेतली, पुसली, जागच्या जागी ठेवली.

"असू द्या," म्हणाले. "तुमी अजून धंद्यात हाव न्हवं?"