वैनींनी पातेलं पालथं घातलं नाही

धुरपदावैनी माझ्या थोरल्या भावजय. त्यांच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात असं बरेच दिवस मनात होतं. जमेल असं वाटत नव्हतं.

येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात देवीची कंदुरी, म्हणजे नवसाचं बोकड कापून घातलेलं जेवण, कुणाच्याही घरी असो, फोडणी वैनींच्या हातची. आमच्यात हे मटण रात्रभर ठेवत नाहीत. शेवटचा माणूस जेवला की पातेलं धुऊन पालथं घालायचं. कंदुरी संपली.

यंदा कंदुरी त्यांच्याच घरी होती. नात हर्षालीचं लग्न लोहाऱ्याकडं ठरलेलं. तिचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदाच जेवायला येणार होते. दुपार कलली तरी आले नाहीत. फोन लागेना. आता कुठले येतात, असं म्हणून वाढप्यांनी उरलेलं गल्लीत वाटलं. वैनींचा मुलगा दिग्विजय पातेलं घासायला उचलू लागला, तशा वैनी म्हणाल्या, "पाव्हणं यायचेत. ऱ्हाऊ दे ते."

दिवस मावळताना पाहुणे उतरले. जीप वाटेत बंद पडली होती. पातेल्याच्या तळाला हाडं आणि जरासं मटण. दिग्विजयचा चेहराच उतरला. पहिल्याच जेवणाला हात आखडला, असं पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागलं असतं.

"माय, येरमाळ्यातनं मटण आणतो," तो कुजबुजला.

"दुकानातलं? ते देवीचं हाय का?"

"मग काय बटाटं वाढायचं पाव्हण्यांला?"

"तुझ्या लग्नात वांगं वाढलं व्हतं. बायको नांदलीच की."

वैनींनी हाडं पाण्यात उकळायला टाकली, त्यांना चिकटलेलं मटण बोटांनी सोडवलं. मी बटाटे चिरत बसलो. "भावजी, जाड चिरा, तोंडात यायला पायजेत," त्या म्हणाल्या. त्याच पातेल्यात बटाट्याचा थर, त्यावर मटण, भाजल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, पुन्हा बटाटे. वरून हाडांचं पाणी, सगळ्यात वर सकाळच्या भाकरीचा चुरा. ताटलीनं झाकून त्यावर निखारे ठेवले. थोड्या वेळानं वास ओसरीवर बसलेल्या पाहुण्यांपर्यंत गेला.

वाढताना दिग्विजय गप्प राहा म्हणून खुणावत होता. वैनींनी सरळ सांगितलं, "बाई, जेवण सरलं व्हतं. उरल्यात बटाटं घातलंय. पण हाय देवीचंच."

हर्षालीच्या सासूनं पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग उठून चुलीपाशी आली.

"मावशी, खाली लागलेली खरवड कुणाला ठेवली?"

"ती माझी," वैनी म्हणाल्या.

"निम्मी मला द्या. अन् हर्षालीला हे शिकवून धाडा."

दोघींनी पातेल्याला वाकून उलथन्यानं खरवड काढली आणि तिथंच खाल्ली. मग वैनींनी पातेलं धुतलं आणि भिंतीकडेला पालथं घातलं.