तुमचं काय आलं?

हा प्रश्न मी फोनवर वर्षानुवर्षं विचारला. रक्तपेढीची परीक्षा घ्यायला बाहेरून अधूनमधून नमुना येतो. त्यात अँटीबॉडी, म्हणजे दिलेल्या रक्ताच्या पेशी फोडणारा घटक, आहे का, ते आपण कळवायचं. पेशंटची नळी तपासता तशीच ही तपासा, असा नियम. आम्ही मात्र ती सगळ्यांत तरबेज हातात द्यायचो. तो हात बहुधा माझाच. वर हडपसरच्या रक्तपेढीतल्या मित्राला फोन. त्याचं-माझं जुळलं की उत्तर पाठवायचं. गुण कायम पैकीच्या पैकी.

गेल्या वर्षी कर्वेनगरच्या एका बाईंना आम्ही ‘अँटीबॉडी नाही’ म्हणून रक्त दिलं. त्या पिवळ्या पडल्या, हिमोग्लोबिन घसरलं, आयसीयूत गेल्या. वाचल्या, एवढंच. चौकशीत आमच्या रक्तपेढीच्या प्रमुख सरांनी आमचे गुण पुढे केले. मी शेजारीच उभी होते. गुण बघून कोणी तपासणीच्या मशीनकडे पाहिलंच नाही.

पुढचा नमुना मी ड्यूटीवरच्या नव्या मुलीच्या रॅकमध्ये, पेशंटच्या नळ्यांबरोबर ठेवला. तिने ‘निगेटिव्ह’ लिहिलं. संध्याकाळी मित्राचाच फोन.

“अगं, आमच्यात आहे. वीक आहे, पण आहे.”

सरांच्या कानावर घातलं.

“मग बदला की, मॅडम.”

“नाही बदलणार.”

“मान्यता गेली तर घरी बसून भाजी निवडाल.”

“निवडेन. त्या बाईंच्या वेळी आपण कोणाला फोन केला होता, सर?”

‘निगेटिव्ह’च पाठवलं. निकाल आला, चुकलं. आता कारण शोधणं भाग पडलं. नळ्या उबेत ठेवायचं मशीन म्हणजे इन्क्युबेटर, त्याच्या पडद्यावर सदतीस अंश. आत थर्मामीटर ठेवला तर बराच थंड. आणि मशीन ठीक आहे हे बघायला आम्ही रोज लावत होतो तो कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेला नमुना, इतका जोरदार, की थंड मशीनमध्येही बिनदिक्कत पास व्हायचा. अशक्त अँटीबॉडी तेवढ्या निसटायच्या. आता सकाळी वीक कंट्रोल लागतो. तो दिसला नाही तर एकही रिपोर्ट बाहेर जात नाही, मग कोणी कितीही ओरडो.

बाईंची नळीही त्याच मशीनमध्ये होती. हे मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. “वकिलाला विचारलंत?” सर म्हणाले. नाही विचारलं. बाईंनी पाणीही विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

गुण गेले म्हणून माझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय. वर लिहिलंय तेच देणार आहे. माफी मागायची ती कर्वेनगरला मागून झाली.

परवा नवा नमुना आला. पाठोपाठ मित्राचा फोन. “तुमचं काय आलं?”

“आलं ते पाठवलं. तू तुझं पाठव.”